उन्हाळ्यातील पाहुणा

वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने भोगला नाही, त्याला तो शब्दांनी समजावून सांगणे कठीण आहे. चैत्र सरत आला की अकोल्याचे आणि अमरावतीचे रस्ते दुपारी ओस पडू लागतात. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. मग दुकानदार पडदे सोडून आत डुलकी घेतात, रिक्षावाले कडुनिंबाच्या सावलीत पाय वर करून पडतात आणि ज्याला बाहेर पडणे अटळ असते तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून निघतो. घराघरांतून कूलरची घरघर सुरू असते. पूर्वी ज्यांच्याकडे वाळ्याचे ताटवे असत, त्यांच्याकडे त्यांवर पाणी शिंपडण्यासाठी एक पोर तरी राबत असे. आता कूलर आले. परंतु कूलरलाही पाणी लागतेच आणि नेमके तेच या प्रदेशात उन्हाळ्यात नसते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहीर असूनही उपयोग नसतो, कारण तिचे पाणी खारट. अशा गावांची सारी भिस्त दूरच्या धरणावर आणि नळावर. तो नळ कोणत्या दिवशी येईल याची चर्चा घरात पंचांगातील मुहूर्ताप्रमाणे चालते.

आणि नेमक्या याच दिवसांत पाहुणे येतात.

त्यात त्यांचा दोष नाही. शाळांना सुट्ट्या असतात, शेते उलंगलेली असतात, लग्नाच्या तिथी याच दिवसांत असतात. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही उपवासकाळ संपून पास्काचा सण झाला की लग्नकार्यांना सुरुवात होते. मुंबई-वसईकडचे, अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगरकडचे, नागपूरचे नातेवाईक भुसावळ-बडनेरा मार्गाच्या गाड्यांनी उतरतात. मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. गच्चीवर बाजा टाकल्या जातात, रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगतात, आंब्याच्या रसाची पातेली भरतात, सरगुंडे शिजतात, कैरीचे पन्हे होते. वऱ्हाडी माणूस पाहुणचाराच्या बाबतीत कोणाला हार जात नाही, ही आपली ख्याती आहे आणि ती खरीही आहे. घरी खायला नसले तरी उसने आणून पाहुण्याला वाढावे, ही आपल्या आयाआज्यांची शिकवण.

या ख्यातीबद्दल मला अभिमान होता. तो अभिमान एका दुपारी कसा उतरला, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण त्या दुपारपासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे: आपण पाहुणचार करतो म्हणजे नेमके काय करतो, आणि त्याची किंमत कोण चुकवतो?

*

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा अकोल्यास राहत होतो. त्या वर्षी नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येत असे. घरात लग्न नव्हते, पण शेजारच्या गावी होते. म्हणून माझे मामा, मामी आणि त्यांच्याबरोबर आणखी पाच जण आमच्याकडे आठवडाभर उतरले होते. मामा निवृत्त शिक्षक. बोलणे थोडे, लक्ष मात्र सगळीकडे. घरातील एकुलती एक कूलरची खोली मी अर्थातच पाहुण्यांना दिली. पाणी मोजून वापरावे लागत होते, तरी पाहुण्यांच्या आंघोळीच्या बादल्या पहाटेच भरून ठेवल्या जात. माठाला ओला पंचा गुंडाळलेला असे. जेवणात एकही दिवस तेच ते नव्हते. मामा दोनदा म्हणाले, ''अरे, एवढे कशाला?'' ते म्हणतात यातच मला धन्यता वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणे सुरू होती. आमच्या गल्लीत तेव्हा रस्त्याच्या कडेने चर खणण्याचे काम चालले होते. मजूर मेळघाटाकडून आलेले. एक बाई ओट्यापर्यंत आली. कडेवर मूल होते. दारातूनच तिने विचारले, ''दादा, घोटभर पानी देता का जी?''

मी पंक्तीत वाढत होतो. हातातले भांडे तसेच धरून मी म्हणालो, ''आत्ता नाही बाई. पाहुणे आले आहेत.''

ती काही बोलली नाही. आमच्यासारखी उत्तरे तिने पुष्कळ ऐकली असतील. ती वळली. तेवढ्यात मामा पानावरून उठले. हात न धुताच डाव्या हाताने त्यांनी स्वतःच्या पानापुढचा तांब्या उचलला आणि ते बाहेर ओट्यावर गेले. ओट्याच्या कोनाड्यात आमच्याकडे एक जर्मनचा पेला असे. 'बाहेरच्यांसाठी' तो वेगळा ठेवलेला होता. त्याच्याकडे मामांनी पाहिले, पण तो उचलला नाही. सबंध तांब्याच त्या बाईच्या हाती दिला. ती आधी मुलाला पाजून मग स्वतः प्याली. मामा आत आले, हात धुतले आणि पुन्हा पानावर बसले. मला एवढेच म्हणाले, ''उद्या माझी आंघोळीची बादली भरू नकोस. हिशेब बरोबर होईल.''

त्याच रात्री गच्चीवर सगळे झोपण्याच्या तयारीत असताना त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, ''सूनबाई कुठे झोपते रे?''

मला उत्तर देता आले नाही. मी खरोखरच पाहिले नव्हते. खाली जाऊन पाहिले, तर ती स्वयंपाकघरात, अजून न निवलेल्या चुलीपासून हातभर अंतरावर चटई टाकून पडली होती. पहाटे चारला उठून पाहुण्यांच्या बादल्या भरायच्या म्हणून ती वर आलीच नव्हती. त्या तीन दिवसांत तिने स्वतः किती पाणी वापरले असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

*

मराठीत आपण 'पाहुणा' आणि 'अतिथी' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत भेद आहे. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा, न सांगता आलेला. अतिथीला देवासमान मानावे ही शिकवण तैत्तिरीय उपनिषदात आहे, ती या न सांगता आलेल्याविषयी आहे. ज्याने पत्र पाठवले, ज्याच्यासाठी आपण आंब्याची पेटी आणून ठेवली, ज्याच्याकडे पुढच्या वर्षी आपणही जाणार आहोत, त्याचे स्वागत करणे हा सद्गुण खरा; परंतु त्यात देवघेव आहे. प्रभू येशूनेही एका भोजनाच्या वेळी यजमानाला हेच सुनावले होते: जे तुला परत बोलावतील त्यांनाच बोलावशील तर तुझी फेड झालीच, ज्यांच्याकडे फेडण्यासाठी काही नाही अशांना बोलाव. संत लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. ऐकतो आणि घरी येऊन परत बोलावणाऱ्यांचीच यादी करतो.

त्या दुपारी माझ्या घरी सात पाहुणे होते आणि एक अतिथी होती. पाहुण्यांचे कारण सांगून मी अतिथीला परत पाठवत होतो. 'पाहुणे आले आहेत' हे वाक्य पाणी नाकारण्यासाठी वापरले जाऊ शकते, हे मला तोपर्यंत कधी खटकले नव्हते.

पवित्र शास्त्रात पाहुणचाराची सर्वांत मोठी कथा अब्राहामाची आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील अठराव्या अध्यायाची सुरुवात आपल्या वऱ्हाडी वाचकाला अगदी घरची वाटावी. ऐन उन्हाची वेळ आहे आणि म्हातारा अब्राहाम मम्रेच्या झाडांपाशी तंबूच्या दारात बसला आहे. तीन अनोळखी माणसे समोर दिसतात. तो धावत जातो, पाय धुण्यास पाणी देतो, झाडाखाली बसवतो. घासभर अन्न आणतो असे म्हणतो आणि प्रत्यक्षात मेजवानीच घालतो. बोलण्यात थोडे, देण्यात पुष्कळ: हा जातिवंत यजमान. ते अनोळखी कोण होते हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात या कथेची आठवण दिली आहे, ती याच मुद्द्यावर: कित्येकांनी नकळत देवदूतांचे आदरातिथ्य केले.

ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती. मामांच्या त्या प्रश्नानंतर ती पुन्हा वाचली, तेव्हा आजवर निसटलेली एक गोष्ट दिसली. अब्राहाम धावतो खरा, पण तंबूत जाऊन साराला सांगतो, लवकर तीन मापे सपीठ मळ आणि भाकरी कर. वासरू नोकराच्या हवाली करतो. मग स्वतः पाहुण्यांजवळ झाडाखाली उभा राहतो. सारा मात्र तंबूच्या आत आहे, त्या उन्हात, चुलीपाशी, वयाने तीही म्हातारी. पाहुणे जेवल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो असा: तुझी पत्नी सारा कोठे आहे?

हा प्रश्न मी पूर्वी कित्येकदा वाचला असेन. तो वाचताना अंगावर काटा आला, कारण तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत मला विचारला गेला होता. देवाने धाडलेले पाहुणे यजमानाच्या औदार्याची स्तुती करीत बसले नाहीत. पडद्याआड जी राबली तिची त्यांनी चौकशी केली, आणि त्यांनी आणलेला आशीर्वाद तिच्यासाठी होता.

लगेच पुढच्या अध्यायात लोटाची कथा येते. ती आपण सहसा मुलांना सांगत नाही. लोटानेही पाहुण्यांना आग्रहाने घरी नेले. गावगुंडांनी घराला वेढा घालून पाहुण्यांची मागणी केली, तेव्हा पाहुण्यांच्या अब्रूसाठी लोट आपल्या मुलींना पुढे करायला निघाला. आज वाचताना संताप येतो. परंतु विचार करून पाहिले, तर पाहुण्याची इभ्रत राखण्यासाठी घरातील दुर्बलांना पणाला लावण्याची ही वृत्ती आपल्यात अजिबात नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? प्रमाण वेगळे आहे, दिशा तीच आहे. या कथेत अनर्थ टळतो तो पाहुण्यांमुळे. ते हात पुढे करून लोटाला आत ओढतात आणि दार लावून घेतात. दुबळ्याचा बळी देऊन होणारा पाहुणचार खरा पाहुणा स्वीकारीत नाही. माझे मामा देवदूत नव्हते, ते पेन्शनीत गेलेले मास्तर होते; पण त्या दिवशी त्यांनी हेच केले.

*

येथे कोणी मार्था आणि मरियेची कथा पुढे करील. मार्था कामात बुडाली, मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि प्रभूने मरियेची निवड अधिक चांगली ठरवली. या कथेचा एक सोयीचा अर्थ आपण पुरुषांनी लावून ठेवला आहे. प्रवचन ऐकताना मरियेचे कौतुक करायचे आणि घरी आल्यावर जेवण वेळेवर हवे म्हणायचे. घरातील सर्वच जण मरिया झाले, तर पाहुण्याला उपाशी झोपावे लागेल. प्रभूने मार्थेच्या कामाला नव्हे, तिच्या जिवाच्या ओढाताणीला बोट लावले, असे मला वाटते. ती ओढाताण केवळ उपदेशाने जात नाही. कामाची वाटणी केली की जाते.

हे फार पूर्वी ओळखणारा एक संत होऊन गेला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात मठात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला प्रत्यक्ष ख्रिस्त समजून स्वीकारावे, असा दंडक घातला आहे. गरीब आणि यात्रेकरू यांची अधिक काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांचा मान त्यांच्या दबदब्यानेच राखला जातो, असेही बजावले आहे. इथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच प्रकरणात पुढे बेनेडिक्ट अगदी घरगुती गोष्टींकडे वळतो. पाहुणे अवेळी येणारच, म्हणून त्यांचे स्वयंपाकघर वेगळे असावे, म्हणजे मठातील बांधवांना त्रास होणार नाही. त्या स्वयंपाकघरात दोन बांधव वर्षभरासाठी नेमावेत आणि गरज पडेल तेव्हा त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील. किती साधा, पण किती दूरदृष्टीचा विचार! सेवा करणाऱ्याने कुरकुर करू नये असे सांगून तो थांबला नाही. कुरकुर होऊ नये एवढी मदत देण्याची जबाबदारी त्याने मठावर टाकली. आपण मात्र कुरकुर न करणाऱ्या सुनेचे कौतुक करतो आणि मदत तेवढी देत नाही.

*

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. पाहुणचाराला सीमा असावी काय? आपल्या ऐपतीबाहेर जाऊन द्यावे काय?

या ठिकाणी मला दक्षिण फ्रान्समधील एका गावाची आठवण होते. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेले लूर्द हे आजही लहानसेच गाव आहे, आणि वर्षाला लाखो यात्रेकरू तेथे पाहुणे म्हणून येतात. उन्हाळ्यात गर्दी शिगेला पोहोचते. आजाऱ्यांच्या खुर्च्या ढकलण्यासाठी, त्यांना भरवण्यासाठी, उचलून ठेवण्यासाठी देशोदेशींचे स्वयंसेवक पदरमोड करून तेथे जातात. यजमान आणि पाहुणा यांतील भेद तेथे पुसट होतो, असे जाऊन आलेले लोक सांगतात.

पण मला आठवण होते ती त्यापूर्वीच्या लूर्दची. संत बर्नादेतचे वडील फ्रान्स्वा सुबिरू हे गिरणीवाले होते. बोली नावाच्या पाणचक्कीवर त्यांचा संसार चांगला चालला होता. दळण घेऊन येणाऱ्याला बसवावे, खाऊपिऊ घालावे, गरिबाच्या दळणाचे पैसे मागू नयेत, अशी त्या पतिपत्नीची रीत होती, असे चरित्रकार नमूद करतात. दुष्काळ, अपघात आणि धंद्यातील मंदी यांची त्यात भर पडली. १८५४ साली गिरणी हातची गेली. १८५७ साली ते सहा जणांचे कुटुंब एका जुन्या बंद पडलेल्या कैदखान्याच्या कोंदट खोलीत राहण्यास आले, तेही एका नातेवाइकाने जागा दिली म्हणून. एके काळचा यजमान पाहुणा झाला. त्या खोलीतून सरपण गोळा करण्यास बाहेर पडलेल्या बर्नादेतला ११ फेब्रुवारी १८५८ रोजी पहिले दर्शन घडले.

सुबिरू पतिपत्नी चुकले काय? व्यवहाराच्या हिशेबाने चुकले असे म्हणता येईल. मुलांच्या तोंडचा घास त्यांनी वाटून टाकला असेही कोणी म्हणेल. मी त्यांचा न्याय करू इच्छित नाही. मात्र एक फरक मला दिसतो. ते दोघे जे देत होते ते दोघांच्या संमतीने, दोघांच्या कष्टातून देत होते, आणि त्याचे परिणामही दोघांनी एकाच खोलीत भोगले. पती ओट्यावर बसून उदार आणि पत्नी आत रिकाम्या डब्याशी झुंजत आहे, असे तेथे नव्हते. देणाऱ्याने स्वतःच्या वाट्यातून दिले तर ते दान. दुसऱ्याच्या वाट्यातून दिले तर त्याला वेगळा शब्द शोधावा लागेल.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली जागतिक शांततेवर एक निबंध लिहिला. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू म्हणून वागवले जाऊ नये हा त्याचा हक्क आहे. मात्र घरातला होऊन राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा स्नेहाचा करार लागतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. पृथ्वी गोल आणि मर्यादित असल्याने माणसांना अखेर एकमेकांना सामावून घ्यावेच लागते, हा त्याचा आधार. या विचाराने माझ्या मनातील गुंता पुष्कळसा सुटला. दारी आलेल्याला पाणी देणे हे औदार्य नसून कर्ज आहे. ते कर्ज पाहुण्यांच्या जेवणामुळे, पंचपक्वान्नांमुळे, कूलरमुळे पुढे ढकलता येत नाही. आठ दिवस राहवून घेणे, रस-पोळीचा आग्रह करणे हे औदार्य. ते ऐपतीप्रमाणे कमीजास्त झाले तरी चालेल. त्या दिवशी मी औदार्य करीत होतो आणि कर्ज बुडवीत होतो.

*

पाहुणचाराचा विचार करताना यजमानाच्याच कर्तव्याची चर्चा होते. पाहुण्याचे काय? याचे उत्तर शोधण्यास वऱ्हाडाबाहेर जाण्याची गरज नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले संत गाडगेबाबा आयुष्यभर गावोगाव पाहुणे म्हणून हिंडले. गावात आले की हातातील खराट्याने आधी गाव झाडायचे, मग भाकरी मागायची, ती गाडग्यात घेऊन खायची आणि रात्री कीर्तन करायचे. गोडधोडाचा आग्रह त्यांना रुचत नसे. स्वतः कोणाच्या घरी ऐसपैस न राहता त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या गरीब रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही आसरा देते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे देहावसान झाले. ज्याच्या घरी जायचे त्याचे ओझे वाढवायचे नाही, उलट थोडे हलके करायचे, हे पाहुण्याचे व्रत त्यांनी शिकवले. आपण सुट्टीत नातेवाइकांकडे जातो तेव्हा मुलांच्या हाती खराटा देतो काय? निदान आपले ताट उचलण्यास तरी सांगतो काय?

आणि पाहुणेपणाचा विचार आपल्याला टाळताही येणार नाही, कारण आपली श्रद्धाच या भूमीवर पाहुणी म्हणून आली. आल्प्सच्या थंड प्रदेशातील आनसी गावाहून निघालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात नागपूर प्रांती आले. पुढे १९५५ साली नागपूर धर्मप्रांतातून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. बर्फात वाढलेल्या त्या माणसांना इथल्या वैशाखात पाण्याचा पहिला तांब्या कोणी दिला असेल? तो देणारा ख्रिस्ती नव्हता, एवढे तर उघडच आहे. त्या तांब्याचे ऋण आपल्या प्रत्येक कुटुंबावर आहे.

*

शहरातील घरे आता बंद होत चालली आहेत. दारांना जाळ्या आल्या, वातानुकूलित खोल्यांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात, बाहेरून कोणी हाक मारली तर आत ऐकू येत नाही. बंद दारामागील उन्हाळा किती क्रूर होऊ शकतो, हे २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सने पाहिले. त्या उष्णतेच्या लाटेत तेथे सुमारे पंधरा हजार अधिक मृत्यू झाले. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती, आणि त्यांतील पुष्कळ जण एकटे राहणारे होते. मुले सुट्टीवर गेलेली, शेजारी सुट्टीवर गेलेले. पॅरिस परिसरातील पन्नासहून अधिक मृतदेहांवर दावा सांगण्यासही कोणी आले नाही. त्यांच्या दफनविधीस राष्ट्राध्यक्ष उपस्थित राहिले. घरी कोणी पाहुणा म्हणून तरी डोकावला असता, तर त्यांतील काही जण वाचले असते. पाहुणा हे केवळ ओझे नव्हे. कधी कधी तो जीव वाचवणारा असतो.

आणि २०२० च्या मे महिन्यात आपण आपल्याच महामार्गावर काय पाहिले? महामारीने कामे बंद पडलेली आणि मुंबई-पुण्याकडून निघालेले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन अकोला-अमरावतीवरून पूर्वेकडे चालत जात होते. त्याच महिन्याच्या शेवटी अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला. गावोगावच्या लोकांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप ठेवले, खिचडी वाटली, चपला दिल्या. हे आपल्या माणसांचे भूषण आहे. तरीही घरात कोणी कोणाला घेतले नाही. भीती खोटी नव्हती. घरात म्हातारी माणसे होती, लेकरे होती. तेव्हा मला कांटचा तो भेद पुन्हा आठवला. घरात घेणे सर्वांना शक्य नव्हते, पण पाणी देणे शक्य होते, आणि ज्याने पिंप ठेवले त्याने कर्ज फेडले. ज्याने भीतीचे निमित्त करून पाण्यालाही नकार दिला, त्याच्यात आणि त्या दुपारच्या माझ्यात अंतर नाही. माझ्यापाशी तर भीतीचे निमित्तही नव्हते.

कोनाड्यातील त्या जर्मनच्या पेल्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशू ऐन दुपारी दमून बसला आणि त्याने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांची भांडी वापरीत नसत, म्हणून ती चकित झाली. प्रभूने आपला वेगळा पेला बरोबर आणला नव्हता. तो तिच्याच घागरीतले पाणी मागत होता. आपण ख्रिस्ती म्हणवतो, जातिभेद मानत नाही असे सांगतो, आणि तरी असा पेला आपल्यापैकी किती घरांच्या ओट्यावर होता, किंवा आज फ्रिजशेजारी वेगळ्या रंगाचा आहे, याची झडती प्रत्येकाने आपल्यापुरती घ्यावी. माझ्या घरचा मी दुसऱ्या दिवशी काढून टाकला. तो कोणी ठेवला होता हे मी कोणाला विचारले नाही, कारण तो तेथे आहे हे मला ठाऊक होते आणि मीही तो कधी हलवला नव्हता.

*

मामा आता नाहीत. ती बाई दोन दिवसांनी चराचे काम संपल्यावर इतरांबरोबर पुढे गेली; तिचे नाव मी विचारले नव्हते. तिची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. ती मिळेल असेही नाही. कुंडीतल्या झाडाला चुकून जास्त पाणी पडले की ते ओघळ पाहून अजूनही तिची आठवण होते.

आमच्या घरात त्या वर्षानंतर काही गोष्टी बदलल्या. पाहुणे येणार असले की आधी घरात बसून ठरवतो: पाणी किती आहे, स्वयंपाक किती साधा ठेवायचा, कोणते काम कोण करणार. पाहुण्यांनाही मोकळेपणाने सांगतो की उन्हाळ्यात येथे बादलीऐवजी अर्ध्या बादलीत आंघोळ होते. एकाही पाहुण्याला त्याचा राग आला नाही. उलट बहुतेक जण निर्धास्त झाले. कूलरच्या खोलीत आता सगळेच दाटीवाटीने झोपतात. मे महिन्यात पंधरा दिवस पत्नी माहेरी जाते, कारण पाहुणी होण्याचा हक्क तिलाही आहे. हा हक्क तिला देण्यास मी कोण, असे ती हसत म्हणते, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

होळी झाली की फाटकाबाहेर दोन रांजण ठेवतो. त्यांवरचा पेला तोच, जो घरात वापरतो. नळ आला की आधी ते रांजण भरायचे आणि मग घरातील टाकी, असा नियम केला आहे. ज्या दिवशी पाणी फार कमी येते त्या दिवशी हा नियम पाळताना हात अजूनही क्षणभर अडखळतो, हे येथे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. मग आतून कोणीतरी विचारते, ''बाहेरचे भरले का?'' आणि मी भरतो.